गिझरचा खटका आणि सोन्याच्या खाणी

कळव्यातील एखाद्या जुन्या इमारतीत पहाटे गिझर सुरू होतो आणि क्षणात सगळे घर अंधारात जाते. मुख्य पेटीतला 'ईएलसीबी' पडलेला असतो. वर केला की पुन्हा पडतो. लोकल चुकण्याच्या घाईत मग एक सल्ला हमखास मिळतो : "तो काढा आणि वायर सरळ जोडून टाका." या सल्ल्याने घरातून नेमके काय काढून टाकले जाते, त्याचा हा थ्रेड.

प्रथम एक गैरसमज. पेटीतला एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नव्हे. २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो आणि त्याचा एमसीबी बहुधा १६ अँपिअरचा असतो. माणसाचा जीव घ्यायला याच्या शतांशाहूनही कमी प्रवाह पुरतो. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले, की सुमारे १६ मिलीअँपिअरच्या पुढे सरासरी पुरुषाला हातातली तार सोडताच येत नाही. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही.

हा प्रश्न आधी खाणींत ऐरणीवर आला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी आँरी रुबिन या अभियंत्याने १९५५ मध्ये २५० मिलीअँपिअर गळतीवर वीज तोडणारे उपकरण बनवले. तोवरच्या अशा यंत्रणा सुमारे १० अँपिअरवर जाग्या होत! १९५६ मध्ये त्याने २० मिलीअँपिअरच्याही खाली प्रतिसाद देणारा नमुना सिद्ध केला, आणि १९५७-५८ मध्ये स्टिलफोंटेन या खाणवसाहतीतील घरांत अशी उपकरणे बसली. त्याच सुमारास ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर याच दिशेने काम करीत होते.

तत्त्व हिशेबनिसाचे आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह पूर्ण परतला, तर दोन्हींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना छेद देतात. थोडा जरी अर्थिंगमधून किंवा कुणाच्या देहातून जमिनीत गेला, तर तफावत उरते आणि खटका पडतो. घरगुती मर्यादा ३० मिलीअँपिअर. (संपूर्ण महाराष्ट्राच्या विजेचा ताळेबंद सांभाळणारे राज्य भारप्रेषण केंद्रही कळवा-ऐरोली परिसरातच आहे, हा योगायोग गमतीचा.) 'ईएलसीबी' हे नाव मात्र मागच्या पिढीचे. ते जुने उपकरण अर्थिंगच्या तारेवरचा दाब पाहत असे. आजच्या पेटीत असतो तो आरसीसीबी, पण नाव टिकून राहिले.

मग गिझरच दोषी का ठरतो? त्याच्या कॉइलमध्ये नायक्रोमची तार असते. हा मिश्रधातू अल्बर्ट मार्श यांचा, पेटंट १९०६ चे. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी आणि बाहेर धातूची नळी. भुकटी उष्णता नेते, वीज अडवते. पण ती ओलावा शोषते. क्षारांचा थर साचून नळी तापते, बारीक चीर पडते, पाणी आत शिरते आणि गळती सुरू होते. गिझर सुरू करताच खटका पडला, तर भुकटीतली ओल वा तुटलेले इन्सुलेशन हा पहिला संशय. काही मिनिटांनी पडला, तर तापल्यावर रुंदावणारी चीर.

येथे एक चकवा आहे. गिझरचे बटण बंद असतानाही खटका पडू शकतो, कारण ते बटण बहुधा फक्त फेज तोडते. न्यूट्रल आतल्या आत नळीला टेकला असेल, तर घरातले दुसरे उपकरण चालू होताच प्रवाहाचा काही भाग अर्थिंगकडे वळतो. म्हणून परीक्षा घ्यायची ती प्लग पूर्ण काढून. प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकला, तर दोष गिझरमध्ये. तरीही पडला, तर वायरिंगमध्ये, दुसऱ्या उपकरणात किंवा अनेक उपकरणांच्या लहान लहान गळत्यांच्या बेरजेत.

शेवटचा निवाडा वायरमनच्या मेगरचा. हे नाव १९०३ पासूनचे, इंग्लंडमधील एव्हरशेड यांच्या कंपनीचे. वीज तोडून, कॉइलच्या तारा सोडवून, टोक आणि नळी यांच्यामधला रोध मोजतात. सुस्थितीतल्या कॉइलचा रोध मेगओहममध्ये येतो. २३० व्होल्टवर तो सुमारे ७,७०० ओहमपर्यंत घसरला, की गळती ३० मिलीअँपिअर होते. अशा वेळी बदलायची ती कॉइल.