शाळेच्या तीन पायऱ्या

शाळेचा इतिहास लिहिताना शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि पटसंख्या यांचा विचार होतो. शाळेच्या पायऱ्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. मध्य प्रदेशाच्या शासनसेवेत असताना शाळा-इमारतींची अनेक अंदाजपत्रके आमच्या सहीने मंजूर झाली. म्हणून हा विषय आम्हांस परका नाही. किंबहुना त्याचे थोडे ऋणच आमच्यावर आहे.

आपल्या देशात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयकरूपाने मांडला. ते संमत झाले नाही. परंतु पुढील कायद्यांचा साचा त्याच विचारातून घडला. सक्ती होती ती पालकांवर. त्यामुळे मूल शाळेत का आले नाही, याची क्षम्य कारणेही कायद्यास सांगावी लागत. १९६० चा दिल्ली प्राथमिक शिक्षण अधिनियम पाहावा. ठरावीक अंतरात शाळा नसणे हे त्यात एक क्षम्य कारण होते. मुलाचे शारीरिक वा मानसिक व्यंग हे दुसरे. अशा मुलांसाठी विशेष शाळांची तरतूद होती खरी, आणि अमृतसर येथे अंधांची शाळा १८८७ सालीच निघाली होती. परंतु खेड्यातील मुलास तिचा काय उपयोग? कायद्याने त्याला क्षमा केली, आणि त्या क्षमेनेच त्याला घरी बसविले.

पहिले कारण आमच्या राज्याने मोठ्या उमेदीने निकालात काढले. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावाने मागणी केली, तर नव्वद दिवसांत शिकविणारा गुरुजी देण्याचे शासनाने बांधून घेतले. ही योजना देशभर वाखाणली गेली, आणि ते योग्यच होते.

दुसऱ्या कारणाचे काय झाले? सामान्य शाळेतच अपंग मुलांना सामावून घेण्याची केंद्रीय योजना १९७४ सालीच आली होती. पण ती योजना होती, हक्क नव्हता. हक्काची भाषा १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने आणली. तो ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला. अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण द्यावे आणि शाळांतील बांधकामाचे अडथळे दूर करण्याची योजना आखावी, असे त्याने शासनास सांगितले. मात्र सार्वजनिक इमारतींतील उताराच्या वाटांबाबत 'आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत' अशी पुस्ती जोडली. फाइलीवर काम करणारास अशी पुस्ती म्हणजे मोठा आधार! आम्हीही तो घेतला.

आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते. म्हणून शाळेचे जोते उंच घेण्याची रीत. दीड फुटाचे जोते म्हणजे अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा असा उतार धरला, तर तेवढ्याच उंचीला अठरा फूट लांबीची वाट लागते. कायदा अमलात येऊन दोन वर्षे झाली होती, तेव्हाही अशी वाट नसलेली अंदाजपत्रके आम्ही निःशंकपणे मंजूर केली. अशाच एका शाळेच्या पाहणीस गेलो असता एक शेतकरी आपल्या मुलास पाठीवर घेऊन पायऱ्या चढताना दिसला. शाळा त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवरही नव्हती. "साहेब, अजून दोन वर्षं उचलीन, मग हा जड होईल," एवढेच तो त्याच्या बोलीत म्हणाला. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर अपंगत्व म्हणजे काय, हे भोपाळच्या माणसास तरी कोणी शिकवावयास नको होते.

पुढे उताराच्या वाटा झाल्या. काही इतक्या उभ्या झाल्या की मुलांनी त्यांची घसरगुंडी केली. कागदावर मात्र त्या पूर्ण होत्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अडथळाविरहित प्रवेश हा शाळेच्या मान्यतेच्या निकषांत घातला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या प्रत्येक शाळेची इमारत, आवार व सोयी सुगम असल्या पाहिजेत असे म्हटले, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. ती जून २०२२ मध्ये संपली. त्यानंतरही नियमांतील मानके केवळ शिफारसवजा असल्याचे आढळून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात तो नियम अवैध ठरविला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके करण्यास केंद्रास सांगितले.

या साऱ्या प्रवासाचा अर्थ आम्हांस असा दिसतो. पूर्वी मूल का आले नाही, याचे उत्तर कायदा घराकडे मागत होता. आता मूल आत का येऊ शकले नाही, हे तो इमारतीस विचारतो. दंडाचा धाक पालकाकडून शाळेकडे सरकण्यास शतकाहून अधिक काळ लागला. तो शेतकरी एवढा काळ थांबू शकत नव्हता. त्याच्यापाशी दोनच वर्षे होती, आणि ती आमच्या सहीखाली सरली.