वडगांवचा तह व नारायणरावांच्या वधाचा दोष

भाद्रपद शु॥ १३ शके १६९५ (ता. ३० ऑगस्ट १७७३) रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्याच्या राजकीय परिणामांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. आम्हांस येथें त्या कृत्याच्या दोषाचाच विचार कर्तव्य असून, त्यास मावळांतील वडगांवचें प्रकरण विशेष उपयोगी पडतें.

प्रथम शब्दांचा खुलासा. मराठी कागदांत 'गुन्हेगारी' म्हणजे अपराधाबद्दल सरकारांत भरावयाचा दंड. तो भरल्यानें सरकारचें देणें फिटे. दोष फिटत नसे. त्याकरितां ब्राह्मणांनीं सांगितलेलें प्रायश्चित्त व गोताची पंगत हीं निराळीं लागत. म्हणजे एकाच अपराधाचीं खातीं दोन.

रामशास्त्र्यांनीं चौकशी करून दादासाहेबांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें व पुण्याची चाकरी सोडली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. तींतील 'प्रायश्चित्त' हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. दौलतीचा धनी स्वतःस दंड करणार कसा? सरकारचें खातें असें बंद पडलें, तेव्हां न्यायाधीशानें दुसरें उघडलें.

'धरावें' याचें 'मारावें' झालें, ही गोष्ट आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु ती खरी धरली तरी दादासाहेबांचा दोष सरत नाहीं. पुतण्यास धरण्यासाठीं गारदी उठविणें हाच मूळ अपराध. आणि वधानंतर पेशवाईचीं वस्त्रें स्वीकारणें म्हणजे त्या अपराधाचें फळ पदरांत घेणें होय. अक्षर कोणीं बदललें या वादानें हातांचा शोध लागेल. फळ कोणीं घेतलें हें त्यानें झांकत नाहीं.

आतां वडगांव. शके १७०० च्या पौषांत दादासाहेबांस पुण्यास बसविण्याकरितां निघालेली इंग्रजी फौज बोरघाट चढून खंडाळा व कार्ले या मार्गें तळेगांवापर्यंत आली. कार्ल्यास कप्तान स्टुअर्ट पडला. मराठ्यांनीं दाणावैरण तोडल्यामुळें फौज मागें फिरली व वडगांवीं कोंडली गेली. ता. १६ जानेवारी १७७९ रोजीं तह ठरला; दादासाहेब महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. रामशास्त्र्यांनीं दोषी ठरविलेला पुरुष असा पुणेकरांच्या पक्षाच्या हातीं आला. पण तहांत हिशेब झाला तो साष्टी व गुजराथेंतील मुलूख यांचा. पुढें झांशीकडे नेले जात असतां ते वाटेंतून निसटून सुरतेस इंग्रजांकडे गेले. सालबाईच्या तहानें (१७८२) त्यांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली, व १७८३ मध्यें ते कोपरगांवीं निवर्तले.

राज्य राखणाऱ्यांस तह करावेच लागतात. त्याबद्दल कारभाऱ्यांस बोल लावणें उचित नव्हे. मात्र तहाचें कलम वैर मिटवितें, दोष मिटवीत नाहीं, एवढा विवेक इतिहासकारानें ठेवावा. मावळांतील दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकांसही आमची विनंती आहे कीं, गुन्हेगारीचा कागद मिळतांच त्याच घरचें शुद्धिपत्रही शोधावें व दोन्ही एकत्र ठेवावीं. एकट्या दंडाच्या आंकड्यावरून त्या काळचे लोक अपराध कशास म्हणत, हें अर्धेंच कळतें.