भाव आधी, वस्तू मागाहून

आमच्या परभणीकडे 'उत्पादन खर्च' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी... पारावर बसलेला माणूस एका क्विंटल कापसाचा हिशेब तोंडी सांगतो. आणि सांगून झाला की म्हणतो, "पण भाव काय आपल्या हातात आहे का गुरुजी?" शेतकऱ्याला खर्च आधी करावा लागतो, भाव मागाहून कळतो.

याच्या अगदी उलट प्रकार मी एका वस्तूच्या बाबतीत पाहिला. तिचा भाव आधी जाहीर झाला आणि वस्तू मागाहून आली. ती वस्तू म्हणजे 'आकाश' टॅबलेट. आज किती जणांना आठवतो कोण जाणे!

मी इतिहासाचा मास्तर, मला इलेक्ट्रॉनिक्समधलं फारसं कळत नाही. पण सनावळी लावली की गोष्ट आपोआप उलगडते, म्हणून ती लावून पाहिली.

जुलै २०१० मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी एक नमुना दाखवला. ३५ डॉलरमध्ये, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने साधारण दीड हजार रुपयांत, विद्यार्थ्याच्या हाती संगणक देऊ असं सांगितलं. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत आकाश खरोखर आला, तेव्हा डेटाविंड कंपनीकडून सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. भाव आधीच गाजलेला, मग काटछाट करायची ती वस्तूतच! सात इंची पडदा होता, पण तो नुसत्या स्पर्शाने नव्हे, बोटाने दाबल्यावर चालणारा. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दोन-तीन तासांत मान टाकणारी बॅटरी.

२०१२ मध्ये हे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं. प्रा. दीपक फाटक यांनी ते अंगावर घेतलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते 'आकाश २' आला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, पडदाही चांगला. खरेदी २,२६३ रुपयांना, विद्यार्थ्याला १,१३० रुपयांत. वरचे १,१३३ रुपये सरकारचे. त्याच महिन्यात वर्तमानपत्रांत आलं की हे टॅबलेट चीनमध्ये तयार झालेत. कंपनीचं म्हणणं असं, की सुटे भाग तिकडचे, शेवटची जुळणी इकडची. एवढ्या भावात दुसरं काय होणार होतं?

आता कुणी म्हणेल, स्वस्त करायचं तर काटछाट आलीच. बरोबर आहे. पण ती कुठे करायची यात सगळं आलं. मुलांच्या हातातल्या व्हिडिओ गेमचंच पाहा ना. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ मध्ये 'गेम बॉय' काढला, १२,५०० येनला. गुनपेई योकोई या त्यांच्या तंत्रज्ञाने मुद्दाम जुने झालेले, स्वस्त झालेले भाग वापरले. पडद्याला रंगसुद्धा नव्हता. पण चार सेलवर तो तासन् तास चाले. पुढच्याच वर्षी आलेला सेगा कंपनीचा रंगीत 'गेम गिअर' सहा सेल काही तासांतच संपवायचा. बाजी गेम बॉयने मारली. योकोईंनी रंग वगळला, मुलाचा खेळ अडेल असं काही वगळलं नाही. पहिल्या आकाशात मात्र नेमकी पडद्यावर आणि बॅटरीवरच कात्री चालली, म्हणजे जिथे मुलाचा हात लागतो तिथेच.

दुसरी गोष्ट फरक भरण्याची. आकाश आला त्याच २०११ साली निन्टेंडोचा नवा 'थ्री डीएस' २५,००० येनला आला आणि खपेना. ऑगस्टमध्ये कंपनीने भाव एकदम १५,००० येनवर आणला. खर्चही निघत नव्हता. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. तरी हिशेब पक्का होता. यंत्रावरचा तोटा पुढे गेम विकून भरून काढायचा, म्हणून ते यंत्र वर्षानुवर्षं चालू ठेवणं कंपनीच्याच फायद्याचं होतं.

आकाशच्या मागे असं कोण होतं? निम्मे पैसे सरकारने भरले, पण एकदाच. एक लाख टॅबलेट घेतले गेले, पहिले इंजिनिअरिंग कॉलेजांकडे गेले, आणि मार्च २०१५ मध्ये प्रकल्प बंद झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पाळी आलीच नाही.

आणि पाच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळांना कुलूप लागलं. वर्ग मोबाइलवर भरू लागले. आमच्याकडे खेड्यातल्या कितीतरी घरांत फोन एकच, तोही बापाच्या खिशात, शेतात. शिकणारी पोरं तीन. ज्या दिवसासाठी ते स्वस्त यंत्र हवं होतं तो दिवस उजाडला, तेव्हा ते नव्हतं.

असो. भाव कमी ठेवला म्हणून मी कुणाला नावं ठेवणार नाही, हेतू चांगलाच होता. पण यापुढे मुलांसाठी अशी स्वस्त वस्तू कुणी जाहीर केली, तर 'कितीला?' हे मी शेवटी विचारीन. आधी विचारीन, वरचा फरक कोण भरणार, आणि किती वर्षं?

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या मुलांनी, आकाश वापरला असेल तर जरूर कळवा. मला तो प्रत्यक्ष हाताळायला कधीच मिळाला नाही.