सांबरा ते दाबोळी : शंभर किलोमीटर

बेळगावचा सांबरा विमानतळ आणि आपला दाबोळी विमानतळ यांच्यात अंतर किती, असे कुणी विचारले तर घाटातली वळणे आठवून आपण दीडशे किलोमीटर तरी सांगू. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते जेमतेम १०० किलोमीटर भरते. आणि सांबऱ्याहून उत्तरेला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळही जवळपास तेवढ्याच, म्हणजे ९६ किलोमीटरवर आहे.

तिघांत थोरला कोल्हापूरचा. राजाराम महाराजांनी तो १९३९ साली सुरू केला. सांबऱ्याचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बांधला. दाबोळी सर्वांत धाकटा. तो पोर्तुगिजांनी पन्नासच्या दशकात उभारला. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि लोंढा-कॅसलरॉकमार्गे येणारी रेल्वे बंद पडली. त्याच सुमारास दाबोळीहून पोर्तुगीज विमाने कराचीला जाऊ लागली. सुमारे साडेबाराशे किलोमीटरवरचे कराची विमानाच्या टप्प्यात आले. शंभर किलोमीटरवरचे बेळगाव मात्र परक्या मुलखात गेले. ज्यांच्या लेकीबाळी घाटापलीकडे दिल्या होत्या, त्यांना हे अंतर काय वाटले असेल!

डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावात फौजा जमल्या. सांबऱ्यावर लढाऊ विमाने येऊन थांबली. १८ डिसेंबरच्या सकाळी तिथून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला आणि गोव्याचा लिस्बनशी असलेला संपर्क तोडला. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर हा प्रवास सात मिनिटांचा. पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. या हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. ते मूळचे गोमंतकीयच!

उखडलेल्या धावपट्टीची घाईने डागडुजी करून रात्रीच्या अंधारात दोन पोर्तुगीज विमाने दाबोळीहून निसटली आणि कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला. घाटावरची सरहद्द संपली.

आमच्याकडची सरहद्द संपली, पण बेळगावकरांची त्याआधीच सुरू झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेले. आता सांबरा आणि उजळाईवाडी यांच्यामधली रेघ पाहा. निपाणी अगदी तिच्या कडेला आहे. तिथून कोल्हापूरचा विमानतळ सरळ रेषेत ३० किलोमीटर आणि सांबरा ६५ किलोमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. जवळचे कोल्हापूर परराज्यात आणि लांबचे बेळगाव आपल्या जिल्ह्याचे ठिकाण! महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले. ते अमलात आले नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

नोकरीमुळे माझा रोजचा संबंध हद्दी आणि दाखल्यांशी. एका गावचा कागद दुसऱ्या हद्दीत चालत नाही, तेव्हा माणसाला किती खेटे घालावे लागतात ते मी टेबलाच्या अलीकडून पाहतो. म्हणून गोव्याच्या मुक्तीची गोष्ट सांगताना मला सांबऱ्याची आठवण काढावीशी वाटते. आमची सीमा पुसायला विमाने जिथून उडाली, त्या गावच्या मराठी माणसाचा सीमेचा प्रश्न आमची सीमा पुसली जाण्याच्याही आधीपासूनचा आहे. गोवेकराने तो परक्याचा समजू नये.