मेटाडेटा-विनिर्देशांचे सहसंपादन

मेटाडेटा-विनिर्देशांचे सहसंपादन : माहिती कोणत्या रकान्यात, कोणत्या नावाने आणि कोणत्या स्वरूपात नोंदवायची याची नियमावली म्हणजे मेटाडेटा-विनिर्देश. अशी नियमावली अनेकांनी मिळून एकाच ठिकाणी लिहायची, दुरुस्त करायची आणि त्याच मजकुरातून माणसासाठी पान व संगणकासाठी यंत्रवाचनीय फाइल तयार करायची, ही सहसंपादनाची पद्धत होय. पान आणि फाइल वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली, की दुरुस्त्यांगणिक त्यांच्यात तफावत पडत जाते. म्हणून मूळ एकच ठेवतात.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील डब्लिन (ओहायो) येथे १९९५ मध्ये झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ ही संज्ञावली निघाली, तिचे मूळ घटक १५ आहेत. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही संज्ञावली सुरू केली. तिच्या व्याख्यांत गिटहब या सामायिक संपादनाच्या मंचावर कोणालाही दुरुस्ती सुचवता येते आणि त्याच व्याख्यांतून संकेतस्थळाची पाने व जेसन-एलडी या यंत्रवाचनीय स्वरूपातल्या फाइली तयार होतात.

भारत : ई-प्रशासनासाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये काढलेल्या मेटाडेटा व डेटा मानकांत व्यक्तीची ओळख आणि भूप्रदेशांचे संकेतांक यांचे नियम आहेत. राज्याचा संकेतांक २ अंकी, जिल्ह्याचा ३, उपजिल्ह्याचा ५ आणि गावाचा ६ अंकी असतो. या संकेतांकांची चालती वही म्हणजे पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’. तिच्यात नोंदी करण्याचे काम राज्यांच्या अधिकाऱ्यांकडे असते. बदल नोंदवताना शासन-आदेशाचा क्रमांक व तो अमलात येण्याची तारीख द्यावी लागते. गावाचे वा जिल्ह्याचे नाव बदलले, तरी संकेतांक तोच राहतो.

रायपूर : संकेतांकांची गरज छत्तीसगडमधील रायपूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून दिसते. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, तेव्हा राज्यात १६ जिल्हे होते, २०२२ मध्ये ते ३३ झाले. डिरेक्टरीत या राज्याचा संकेतांक २२ आहे. २०११ च्या जनगणनेत रायपूर जिल्ह्याचा क्रमांक ४१० होता. जानेवारी २०१२ मध्ये याच जिल्ह्यातून बलौदाबाजार व गरियाबंद हे नवे जिल्हे निघाले. त्यामुळे जनगणनेतले ‘रायपूर’ आणि आजचे ‘रायपूर’ यांचे नाव एक असले, तरी भूभाग वेगळा आहे. जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे नुसत्या नावावरून मांडले, तर जिल्ह्याची लोकसंख्या एकाएकी घटल्यासारखी दिसते. गरियाबंदमधील एखाद्या गावातल्या शिधापत्रिका, शाळा व जमीन यांच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांत असतात. खात्यांनी एकच सहाअंकी संकेतांक वापरला, तरच त्या एकाच गावाच्या आहेत हे संगणकाला कळते.

महत्त्व : जिल्ह्याच्या विभाजनाचा आदेश माणसांसाठी निघतो, पण गावाचा निधी आणि लाभार्थ्यांच्या याद्या आता संगणकावरून ठरतात. आदेश निघाला आणि संकेतांकाची नोंद मागे राहिली, तर त्या मधल्या काळात गाव कागदावर एका जिल्ह्यात आणि संगणकात दुसऱ्या जिल्ह्यात राहते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये त्या गावाची माहिती असणारा स्थानिक अधिकारी असणे आणि प्रत्येक नोंदीवर अंमलाची तारीख असणे, या दोन गोष्टींना या पद्धतीत सर्वाधिक मोल आहे.