मायकडून लेकीकडे आलेलं गाणं

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग आम्ही मोबाईलला स्पीकर जोडून किशोरीताई आमोणकरांचं 'सहेला रे' लावलं. भूप रागातली ही बंदिश किशोरीताईंनी स्वतःच बांधलेली. बंदिश म्हणजे रागात बसवलेलं दोन-चार ओळींचं गाणं. गाणारी तेवढ्यावरच अर्धा-पाऊण तास गाणं फुलवत नेते. ऐकताना एक आजी म्हणाल्या, "कुणी शिकवलं गं हिला?" त्याचं उत्तर आज सांगतो.

शिकवलं मायनं. मोगूबाई कुर्डीकर त्यांचं नाव. गोव्यातल्या कुर्डी गावी 1904 साली त्यांचा जन्म झाला. मोगूच्या आईला, जयश्रीबाईंना, एकच ध्यास होता, लेकीनं गाणं शिकावं. पण मोगू दहाएक वर्षांची असतानाच त्या वारल्या. पोरकी पोर नाटक मंडळीत गाऊन पोट भरू लागली. पुढे सांगलीत उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर तिचा रियाज पडला आणि त्यांनी तिला शिकवायला घेतलं. जयपूर-अत्रौली घराण्याची अवघड गायकी मोगूबाईंनी अशी मिळवली.

किशोरी सात वर्षांची असताना वडील गेले. तीन लेकरं मोगूबाईंनी गाण्यावर वाढवली. लेक तंबोरा घेऊन आईच्या मागे बसायची, गावोगावच्या मैफलींना सोबत जायची. तिथं तिनं सुरांबरोबर आणखीही काही पाहिलं. आईच्या गाण्याला वाहवा मिळायची, पण बिदागी तुटपुंजी, आणि उतरायला धड जागाही मिळायची नाही. गाणाऱ्या बाईकडं लोक कसं बघायचे, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. त्या लेकीनं तेव्हाच मनाशी ठरवलं, आपण असं चालू द्यायचं नाही. मोठेपणी श्रोते बोलत बसले तर त्या गाणं थांबवायच्या. लोक त्यांना तापट म्हणायचे. आम्हाला वाटतं, त्या आईचा मान वसूल करत होत्या.

मान मिळालाही. मोगूबाईंना 1974 साली पद्मभूषण, किशोरीताईंना 2002 साली पद्मविभूषण. आईनं दिलेलं जसंच्या तसं गात बसणं मात्र लेकीला मान्य नव्हतं. घराण्याची शिस्त ठेवून तिनं त्यात आपली भर घातली, नव्या बंदिशी बांधल्या. आता किशोरीताईंची नात तेजश्री आमोणकर गाते. म्हणजे जयश्रीबाईंची इच्छा धरली तर ही पाचवी पिढी झाली.

त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावच्या खुणा वर येतात आणि पांगलेली माणसं तिथं जमतात. आपल्या लातूर-नांदेडकडच्या बायकांना गाव जाणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरं गेली, जाती दगडामातीखाली गेली. पण ज्या बायका वाचल्या, त्यांच्या तोंडच्या ओव्या त्यांच्यासोबत नव्या गावठाणात आल्या. तोंडातलं गाणं धरणात बुडत नाही आणि ढिगाऱ्याखाली दबत नाही. ते संपतं एकाच कारणानं, पुढं कुणाला दिलं नाही तर.

आणि इथं आमची चूक आम्ही कबूल करतो. आमच्या सासवांनी, आयांनी जात्यावर रचलेल्या ओव्या आम्ही कधी उतरून घेतल्या नाहीत. त्या ओव्यांना रचणारीचं नावही नाही. हप्त्याच्या वहीत रुपया-रुपया लिहिला, हे मात्र राहून गेलं.

म्हणून आमच्या गटानं एक कोरी वही घेतली आहे. दर बैठकीला एका बाईनं एक ओवी सांगायची, शाळेतल्या मुलीनं ती लिहायची, आणि खाली सांगणारीचं आणि जिच्याकडून ती आली तिचं नाव घालायचं. पहिलं पान त्याच आजींचं आहे. तुमच्या गटात अशी वही कधी सुरू करताय?