वेतनमर्यादा (क्रीडा)

व्यावसायिक लीगमधील एका संघाने एका हंगामात खेळाडूंवर एकूण किती खर्च करावा, याची नियमाने ठरवून दिलेली कमाल रक्कम म्हणजे वेतनमर्यादा. ‘सॅलरी कॅप’ हे तिचे रूढ नाव. लिलावापुरत्या रकमेला भारतात ‘पर्स’ म्हणतात. धनाढ्य मालकाने सगळेच चांगले खेळाडू उचलू नयेत आणि स्पर्धा चुरशीची राहावी, हा तिचा हेतू. रक्कम ठरलेली असल्याने एका खेळाडूला वाढवून दिलेला रुपया त्याच्याच सहकाऱ्यांच्या वाट्यातून जातो.

अमेरिकेतील पद्धत : अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगने १९९४ मध्ये ३.४६ कोटी डॉलरची मर्यादा लागू केली; २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. तेथे खेळाडूचा एजंट आणि क्लब समोरासमोर बोलणी करतात. सही करताना मिळणारा बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. खेळाडूच्या हाती पैसा लगेच येतो, क्लबला चालू वर्षात मोकळीक मिळते आणि भार पुढच्या वर्षांवर जातो.

भारतातील पद्धत : क्रिकेटमध्ये आयपीएलने बोलणीऐवजी लिलाव स्वीकारला. २००८ मध्ये प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. चेन्नईने त्यांतील १५ लाख, म्हणजे ३० टक्के, एकट्या महेंद्रसिंग धोनीवर खर्च केले. सचिन तेंडुलकर ‘आयकॉन’ खेळाडू असल्याने लिलावात नव्हता. मुंबईच्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक, असे त्याचे मानधन नियमानेच ठरले. फुटबॉलमध्ये इंडियन सुपर लीगच्या २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १.२० कोटी, तर एफसी पुणे सिटीने युजिनसन लिंगडोहला १.०५ कोटी रुपयांना घेतले.

वाटाघाटीचे उदाहरण : आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी पर्स १२० कोटी रुपये होती. लखनौ सुपर जायंट्सने पाच खेळाडू ५१ कोटींत कायम राखले. भारतीय संघातून न खेळलेल्या दोघांना प्रत्येकी ४ कोटी मिळाले. उरलेल्या तिघांसाठी १८, १४ आणि ११ कोटी असे टप्पे होते. लखनौने तेच ४३ कोटी २१, ११ आणि ११ असे वाटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात ऋषभ पंतवर लखनौची बोली २०.७५ कोटींवर थांबली. पंतचा आधीचा संघ दिल्लीने त्याच बोलीला खेळाडू परत घेण्याचा ‘राइट टू मॅच’ हक्क वापरताच लखनौने किंमत २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने माघार घेतली. लिलावासाठीच्या ६९ कोटींतून ४२ कोटी उरले आणि संघात आणखी १९ जणांपर्यंत जागा होती.

सोलापूरचे खेळाडू : त्या जागांपैकी एक सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीला मिळाली, ३० लाखांना. पंतची किंमत याच्या नव्वदपट होती. २००५ मध्ये जन्मलेल्या या अष्टपैलू खेळाडूने २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या आणि चार बळीही घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनौने त्याला २० लाखांना घेतले. दोन्ही वेळा तो मूळ किमतीलाच गेला. माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा रामजी कश्यप अल्टिमेट खो-खोमध्ये चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये खेळाडूंचे वर्ग पाडून मानधन आधीच ठरवले गेले. बोलीला वाव नव्हता.

मूल्यमापन : लिलावात नवोदित खेळाडूच्या हाती मूळ किंमत नोंदवण्यापलीकडे फारसे काही नसते. त्यामुळे त्याचे हित नियमांतील किमान तरतुदींवर ठरते. २०२५ पासून किमान मूळ किंमत २० वरून ३० लाखांवर गेली आणि प्रत्येक सामन्याला साडेसात लाखांचे वेगळे मानधन सुरू झाले. ते पर्सबाहेर, पण २०२५ च्या हंगामात १४६ कोटींच्या एकूण मर्यादेत धरले गेले. तीस लाखांच्या खेळाडूला चार सामने मिळाले, की त्याची हंगामाची कमाई दुप्पट होते. २७ कोटींच्या खेळाडूला हीच रक्कम जाणवतही नाही. सोलापूर-वेळापूरहून येणाऱ्या मुलांसाठी वेतनमर्यादेतील सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे.